बुडाखाली पाणी आहे ना?

मित्रांनो, मी एक मालवाहू होडी आहे. वयाने जुनी, बुडाने सपाट आणि स्वभावाने भित्री. होड्या शूर असतात असं तुम्ही ऐकलं असेल. त्या समुद्रातल्या. मी नदीतली. मला लाटांची भीती नाही, वाऱ्याची नाही, बुडण्याचीसुद्धा फारशी नाही. मला भीती वाटते ती नदीच्या तळाची. बुडाखालून वाळू घासल्याचा तो खर्रर्र आवाज आला, की माझी एकूण एक फळी शहारते.

मला एका म्हाताऱ्या सुताराने घडवलं. सागाच्या रुंद फळ्या, त्यांच्या फटींत ठोकून बसवलेला कापूस, त्यावर तापवलेली राळ. एखादी फळी कुरकुरली की तो तिला समजावायचा, "नीट बस गं बाई, आयुष्यभराची शेजारीण आहे ती तुझी." सगळं झाल्यावर त्याने माझ्या दोन्ही कुशींवर एक लाल पट्टी ओढली. माल भरताना ती पट्टी पाण्याला टेकली की थांबायचं, त्यापुढे एक पोतंही चढवायचं नाही. मी रिकामी असले की पट्टी पाण्याच्या पुष्कळ वर दिसते. भरलेली असले की पाण्याशी येते. पोट भरलंय की नाही हे जसं माणसाच्या तोंडावर दिसतं, तसं माझं त्या पट्टीवर दिसायचं.

माझी नदी दोन देशांची आहे. वरचा देश डोंगरांचा. तिथे पाऊस एकदा आला की पाहुण्यासारखा जात नाही, घरच्यासारखा राहतो. तिथलं भात आभाळाच्या जिवावर वाढतं आणि उरलेलं पाणी नदीत येतं. खालचा देश सपाट, उन्हाचा, कोरडा. तिथे हरभरा आणि तीळ छान येतात, थोड्या पाण्यात आणि फार लाड न करता. उलट केलं तर सगळंच बिघडतं. वरच्या दमट हवेत हरभऱ्याला बुरशी येते, आणि खाली भात लावलं तर ते नदी पितं.

म्हणून माझं काम ठरलेलं होतं. जाताना तांदूळ खाली न्यायचा, येताना हरभरा आणि तीळ वर आणायचे.

माझा पहिला तांडेल, म्हणजे मला चालवणारा, एकदा पोत्यावर हात ठेवून आपल्या मुलांना म्हणाला, "हे एक पोतं पिकायला जेवढं पाणी लागतं, तेवढं या होडीत ओतलं तर होडी जागच्या जागी तळाला जाईल." मित्रांनो, मी इतकी घाबरले! माझ्या अंगावर तेव्हा पोत्यांची रास होती. प्रत्येक पोत्यातून आता पाणी फुटणार, असं मला वाटू लागलं. मग तो पुढे म्हणाला, "वरच्या देशात हे पाणी पावसाने दिलं. खाली हेच पोतं पिकवायचं असतं तर तेवढं पाणी नदीतून उपसावं लागलं असतं. आपण एक पोतं खाली नेतो, तेव्हा तेवढं पाणी नदीतच राहतं."

त्या दिवसापासून मला ओझं जड वाटेनासं झालं. मी वाहत होते त्या पोत्यांमुळेच मला तरंगायला नदी उरत होती.

त्या तांडेलाला दोन मुलं. थोरली मुलगी आणि धाकटा मुलगा. मुलीचं लग्न खालच्या देशात झालं. माहेर नदीच्या वरच्या टोकाला, सासर खालच्या. ती सासरी गेली तीसुद्धा माझ्यातूनच, तांदळाच्या पोत्यांवर बसून. पहिल्या वळणापर्यंत रडली, दुसऱ्या वळणावर तिला भूक लागली, आणि तिसऱ्या वळणानंतर ती बापाला होडी कशी वळवावी ते शिकवू लागली. पुढे बाप गेला आणि धाकटा माझा तांडेल झाला. ती त्याला भाऊ म्हणायची, तो तिला ताई म्हणायचा.

ताईला खालच्या गावी कालव्याच्या पंपघरात काम मिळालं. तेव्हा तिथे एकच लहानसा पंप होता, गावाच्या पिण्यापुरता आणि भाजीच्या वाफ्यांपुरता. पंपघर नदीच्या काठावरच होतं. त्याच्या थोडं पुढे नदीत वाळूचा एक उंचवटा होता. होडीवाले त्याला उंबरठा म्हणायचे, कारण तो ओलांडला की खालच्या गावाचा धक्का दिसायचा. सगळ्या नदीत माझ्या बुडाखाली सर्वांत कमी पाणी त्याच ठिकाणी असायचं. तिथे आले की मी अंग चोरून जायचे.

धक्क्याच्या पायऱ्यांवर ताईच्या सासूबाई माझी वाट बघत बसलेल्या असायच्या. लहानपणी त्यांनी असं एक वर्ष पाहिलं होतं, ज्यात घरातल्या मडक्यांना हात घातला की हाताला फक्त मडकं लागायचं. ती भीती त्यांच्या पोटातून कधी गेली नाही. मी दिसले की त्या डोळ्यांवर हात धरून माझी लाल पट्टी बघायच्या. पट्टी पाण्याशी असली की शेजारणींना सांगायच्या, "आली गं, पोटभर आली." मग सगळ्याजणी उठून कामाला लागायच्या. मला तेव्हा फार मोठेपणा वाटायचा.

आता मी तुम्हाला होडीवाल्यांची एक रीत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे घडलं. होडीवर उभं राहून "पाणी कमी आहे" असं कधी म्हणायचं नाही. म्हटलं की नदी ऐकते आणि रुसते, असं ही माणसं मानत. कोणी विचारलंच की होडी अर्धीच का भरली, तर म्हणायचं, "माल कमी होता." मला विचाराल तर नदीला कान नाहीत. असते तर माझं ओरडणं तिने केव्हाच ऐकलं असतं.

एका वर्षी डोंगरात पावसाने हात राखला. फार नाही, थोडाच. नदी जराशी उतरली. उंबरठ्यावर अडकू नये म्हणून तांडेलाने मला थोडं कमी भरलं. शहाणपणाचंच काम होतं ते. पण खाली धक्क्यावर सासूबाईंनी डोळ्यांवर हात धरला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"अगं बाई, पट्टी एवढी वर? वरच्यांनी हात आखडला की काय?"

तांडेलाने दोर फेकला आणि रीतीप्रमाणे सांगितलं, "माल कमी होता, मावशी."

"कमी म्हणजे? पिकला नाही, की द्यायचा नाही?"

"कमी म्हणजे कमी. आता तो दोर धरता का, की होडी परत जाऊ दे?"

सासूबाईंनी दोर धरला, पण मी निसटून जाईन अशा भीतीने आवळून धरला. दोराच्या दुसऱ्या टोकाला मी होते, मला ते कळलं.

दुपारी ताई डबा घेऊन आली. माझ्या काठावर बसून तिने भावाच्या पुढ्यात भाकरी ठेवली आणि हळूच विचारलं, "भाऊ, खरं सांग. तिकडे काही बिनसलंय का?"

तांडेलाने पायाखाली पाहिलं. पायाखाली मी होते. "काही नाही गं ताई. माल कमी होता, बस."

मला बोलता आलं असतं तर! अर्ध्या वाक्याचं काम होतं. पण लाकडाला तोंड नसतं, मित्रांनो. मी नुसती धक्क्यावर आपटत राहिले, आणि तांडेल म्हणाला, "वारा सुटलाय वाटतं."

गावात भीती पसरायला वेळ लागला नाही. वरचे आज कमी देतात, उद्या देणार नाहीत, परवा आपली मुलं काय खाणार? सभा झाली. आपलं धान्य आपणच पिकवायचं असं ठरलं. हरभऱ्याची शेतं नांगरली, त्यांना बांध घातले आणि भात लावलं. पंपघरात नवा मोठा पंप आला. त्याचा पाइप एवढा रुंद होता की त्यात वासरू झोपलं असतं. तो पाइप नदीत उतरला आणि त्याने पहिला घोट घेतला, तेव्हा माझ्या बुडाखालचं पाणी एकदम सरकलं. अंगावरची चादर कोणी झोपेत ओढावी तसं.

पुढच्या खेपेला मला आणखी कमी भरावं लागलं. पट्टी आणखी वर दिसली. गाव आणखी घाबरलं. आणखी एक पंप आला.

तुम्हाला वाटेल, मग वरच्या देशात तरी कोणाच्या लक्षात आलं असेल. छे! तिथे धान्याच्या कोठीवर एक काकू होत्या. जाड भिंगांचा चष्मा आणि त्याहून जाड आवाज. मला अर्धी रिकामी निघताना पाहून त्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"एवढाच नेणार? आणि बाकीच्याचं मी काय करू? कोठी तुडुंब भरलीये. आत उंदरांची लग्नं लागतायत."

"या खेपेला होडी हलकीच ठेवायचीये, काकू."

"हं. आणि हरभरा? गेल्या खेपेला मूठभर आणलास, या खेपेला तेवढाही नाही."

"तिकडे आता भात लावलंय त्यांनी."

काकूंचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला. "म्हणजे त्यांना आपला तांदूळ नकोसा झाला. आणि हरभराही द्यायचा नाही. असं आहे होय."

"तसं नाही हो."

"मग कसं?"

तांडेल माझ्यावर उभा होता. त्याने दोर सोडला.

वरच्या लोकांनीही मग तेच केलं, जे खालच्यांनी केलं होतं. डोंगराच्या उतारावरचं भात काढून तिथे हरभरा पेरला. पाऊस आला. हरभरा उगवला, फुलला आणि उभ्याउभ्या काळा पडला. त्याचा कुबट वास वाऱ्यावर बंदरापर्यंत यायचा. इकडे कोठीत तांदूळ पडून, तिकडे शेतात हरभरा सडून. आणि त्या दोघांच्या मधोमध मी, दर खेपेला आणखी हलकी, आणखी उंच तरंगणारी. भुतासारखी दिसत असेन मी. मला पाहून काठावरची माणसं हात हलवायची थांबली होती.

खरं सांगू? खालचा देश तेव्हा दिसायला फार सुंदर झाला होता. जिथे पूर्वी पिवळी माती होती तिथे पोपटी भात, वाऱ्यावर डोलणारं. लोक ते बघायला मुद्दाम यायचे. पण मी त्यांच्याइतक्या उंचीवरून बघत नव्हते. मी खालून बघत होते. धक्क्याच्या ज्या पायऱ्यांनी जन्मात ऊन पाहिलं नव्हतं त्या एकेक करून उघड्या पडत होत्या, अंगावरचं शेवाळ वाळवत. मासे डोहांत दाटीवाटीने उभे होते, घाबरलेल्या माणसांसारखे एकमेकांना खेटून. ताईचे पंप मधूनच हवा ओढायचे आणि ढास लागल्यासारखे खोकायचे. ताई बाहेर येऊन पाइपाकडे बघायची, मग नदीकडे, मग पुन्हा पाइपाकडे. तिलाही भीती वाटत होती. पण रोपं वाळण्याची भीती अधिक जवळची होती.

एक दिवस मी धक्क्याला लागले तेव्हा माझ्यात इतकी थोडी पोती होती की ती मोजायलाही कोणी उठलं नाही. सासूबाई पायरीवरूनच म्हणाल्या, "रिकामी होडी घेऊन येतोस कशाला रे? तोंड दाखवायला?"

कोणीतरी खुदकन हसलं. दुसऱ्या कोणीतरी म्हटलं, "बहिणीकडे जेवायला येतो, अजून काय!"

तांडेलाचे कान लाल झाले. वरच्या बंदरात पोचल्यावर त्याने कोठीवाल्या काकूंना एवढंच सांगितलं, "भरा. पट्टीपर्यंत भरा."

माझ्यावर एक वल्हेकरी होता, सगळे त्याला लंबू म्हणायचे, कारण तो माझ्या वल्ह्यापेक्षा उंच होता. वय तांडेलापेक्षा जास्त, अक्कलही थोडी जास्त. त्याने पोतं खाली टेकवलं आणि म्हणाला, "तांडेल, डोकं ठिकाणावर आहे ना? उंबरठा काय तुमचा गडी आहे, वाकून वाट द्यायला?"

"डोंगरात दोन दिवस पाऊस झालाय. बंदरात बघ कसं भरलेलं आहे."

"बंदरात आहे हो. तिथे..." आणि लंबू गप्प झाला. तोही माझ्यावरच उभा होता.

मी पट्टीपर्यंत भरले. कित्येक दिवसांनी माझं अंग भरलं होतं, पण मला त्याचा आनंद झाला नाही. वाटेत लंबू पुढच्या टोकाला उभा राहून लांब काठीने तळ चाचपत होता. काठी तळाला लागली नाही की तो ओरडायचा, "आहे!" पहिल्या वळणावर "आहे!" दुसऱ्या वळणावर "आहे!" त्या एका शब्दाला मी जिवाच्या आकांताने धरून होते. भर दुपारी पंपघर दिसू लागलं. सगळे पंप एकदम चालू होते. भाताची रोपं त्याच सकाळी लावली होती आणि शेतं पाण्याने भरून घ्यायची होती. उंबरठ्यापाशी लंबूने काठी पाण्यात टाकली. मी वाट बघितली.

तो काही बोलला नाही.

पाणी कमी आहे असं म्हणायचं नसतं ना. म्हणून तो नुसता वळला आणि त्याने तांडेलाकडे पाहिलं. त्याचा चेहरा मी विसरणार नाही. पुढच्या क्षणी माझं पुढचं टोक उंबरठ्यात रुतलं. तो खर्रर्र आवाज असा लांब आला, जणू कोणी मला सोलत होतं.

मित्रांनो, होडी अडकते तेव्हा लगेच काही होत नाही. पण माझं पुढचं टोक वाळूवर होतं, मागचं टोक उंबरठ्याअलीकडच्या खड्ड्यावर, आणि पंप तर चालूच होते. पाणी उतरू लागलं. पुढचं टोक वाळूने उचलून धरलेलं, मागचं पोत्यांच्या भाराने खाली ओढलं जाणारं. एखादी काडी दोन्ही हातांत धरून वाकवावी तसा माझा कणा वाकू लागला. फळ्यांमधला कापूस सुटू लागला. मी किती वाकू शकते हे मला माहीत नव्हतं. मोडल्यावरच कळणार होतं.

"पोती फेकू का?" लंबूने विचारलं.

"फेकू नकोस! तांदूळ आहे तो!" तांडेलाने अंगातला सदरा काढला आणि पंपघराकडे बघून जोरजोरात फिरवू लागला. "ताई! ए ताई!"

पंपांच्या आवाजात तिला काय ऐकू जाणार? पण तिने सदरा पाहिला. ती पंपघराच्या ओट्यावर आली.

"काय झालं? डोळे कुठे होते तुझे?"

"ताई, पंप बंद कर!"

"काय?"

"पंप! बंद!"

"वेडा आहेस का? आज सकाळी रोपं लावलीत. या उन्हात पाणी तोडलं तर संध्याकाळपर्यंत माना टाकतील!"

तांडेलाने तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा उघडलं. त्याच्या बापाने, बापाच्या बापाने जे कधी उच्चारलं नव्हतं ते त्याच्या घशाशी येऊन अडकलं होतं. आणि मी त्याच्या पायाखाली करकरत होते.

"पाणी नाहीये!" तो ओरडला. "ताई, नदीत पाणी नाहीये!"

लंबूने तोंडावर हात ठेवला.

ताई तशीच उभी राहिली. "कधीपासून?"

"पहिल्यापासून! माल कधीच कमी नव्हता गं. तिकडे कोठी भरून वाहतेय. पाणी कमी होतं म्हणून होडी कमी भरत होतो!"

"मग सांगितलं का नाहीस?"

"आपण सांगतो का कधी?"

ताईला ते माहीत होतं. तीही त्याच घरची लेक होती.

आरडाओरडा ऐकून शेतातली माणसं बांधावर धावत आली. त्यांच्यात सासूबाई होत्या, पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेले. झाला प्रकार त्यांना कळला तेव्हा त्या पंपघराच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"पंपाला हात लावशील तर याद राख. सगळ्या गावाची रोपं आहेत ती. तुझ्या भावाची होडी एक."

"आई, होडीत तांदूळ आहे."

"आज आहे. उद्या?"

"उद्याचीच नदी उपसतोय आपण. पंप खोकतात ते तुम्ही ऐकता ना? अजून थोडे दिवस, मग ना रोपांना पाणी ना घागरीला."

"मी रिकामी मडकी बघितलीत गं," सासूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम लहान मुलीसारखा झाला. "तू नाही बघितलीस."

तेवढ्यात माझी मधली फळी तडकली. तो आवाज बांधापर्यंत गेला. ताईने सासूबाईंना दोन्ही खांद्यांना धरून हळूच बाजूला केलं आणि ती आत गेली.

एक पंप थांबला. मग दुसरा. मग सगळे. कित्येक महिन्यांनी नदीवर शांतता झाली, आणि ती शांतता मला आवाजापेक्षाही भयंकर वाटली. कारण काहीच घडत नव्हतं. पाणी होतं तिथेच होतं. तडकलेल्या फळीतून ते आत मात्र येऊ लागलं होतं. लंबू डब्याने पाणी उपसत होता आणि पुटपुटत होता, "बाहेर हवंय तिथे नाही, आत नकोय तिथे आलंय." काठावर माणसं उन्हात उभी होती. कोणी माझ्याकडे बघत होतं, कोणी शेताकडे. सासूबाई दोन्हींकडे पाठ करून बसल्या होत्या.

मग माझ्या मागच्या टोकाला काहीतरी गार लागलं. जरासंच. मला वाटलं, भास झाला. पुन्हा लागलं. पाणी माझ्या कुशीवरून बोटाबोटाने चढू लागलं. कण्यावरचा ताण सैल झाला, आणि बऱ्याच वेळाने पुढचं टोक वाळूवरून सुटलं. मी तरंगले, मित्रांनो. कुबड आलेली, गळकी, भीतीने अर्धमेली, पण तरंगले.

धक्क्यावर सासूबाईंनी पहिलं पोतं उघडायला लावलं. त्यांनी आत हात घातला, चार दाणे काढले आणि दाताखाली धरले. "जुना आहे. चांगला मुरलेला." मग त्या पायरीवर बसल्या. "असा अजून आहे तिकडे?"

"कोठीभर आहे, मावशी," तांडेल म्हणाला.

"मग इथेही एक कोठी बांधा. वर्षभराचं धान्य माझ्या डोळ्यांसमोर राहू दे. नुसत्या शब्दावर मला झोप लागत नाही."

हे मात्र सगळ्यांना पटलं. ती कोठी बांधली गेली. पण त्या दिवशी पाणी तोडल्यामुळे अर्ध्या शेतांतली रोपं गेलीच. लोकांनी ताईला बरेच दिवस बोलून दाखवलं, तिच्याशी बोलणं टाकलं असतं तर बरं, इतकं बोलून दाखवलं. सुकलेल्या शेतांत पुढे तीळ पेरले, आणि ते आले. कोठीवाल्या काकू माझ्यातून खाली आल्या, हयातीत पहिल्यांदा. त्यांनी काळा पडलेला हरभरा पदरात बांधून आणला होता. त्यांनी तो सासूबाईंना दाखवला, सासूबाईंनी त्यांना रोपांची वाळलेली शेतं दाखवली. मग काकू म्हणाल्या, "तुम्ही आम्हाला घाबरलात, आम्ही तुम्हाला. अहो, एकदा विचारायचं होतं!" दोन्ही देशांच्या मोठ्या माणसांची बोलणी पुढे झाली. भात वर, हरभरा आणि तीळ खाली, आणि नदीत पाणी किती आहे ते दोन्ही बंदरांत रोज मोठ्याने सांगायचं, असं ठरलं. ही शेवटची अट ताईने घालायला लावली. पहिल्या दिवशी ते मोठ्याने सांगताना तांडेलाची जीभ अडखळत होती.

त्यानंतरची वर्षं चांगली गेली. माझ्या तडकलेल्या फळीवर लोखंडी पट्टी ठोकली, आणि मी भरून जात राहिले, भरून येत राहिले. पुढे नदीवर पूल झाला. तांदूळ आणि हरभरा आता ट्रकमधून जातात. धान्याची ये-जा चालू आहे ना, मग माझी तक्रार नाही. तांडेलाने मला पंपघराजवळच्या काठावर ओढून ठेवलं. सुरुवातीला तो येऊन मला राळ लावायचा. आता त्याचे गुडघे दुखतात. माझ्या फळ्यांत गवत उगवलंय आणि एका कोंबडीने माझ्या पुढच्या टोकात घर केलंय. ताईही म्हातारी झाली. सासूबाई नाहीत, आणि रिकामी मडकी ज्यांनी पाहिली होती, तडकलेली होडी ज्यांनी पाहिली होती, त्यांच्यातलं फारसं कोणी उरलेलं नाही. नदीचं पाणी रोज मोठ्याने सांगणंही केव्हाच बंद पडलंय.

म्हणून मी तुमच्याशी बोलतेय. गेल्या हंगामात पावसाने पुन्हा हात राखला. पुलावर काही दिवस ट्रक कमी आले, रस्ता खचला होता एवढंच. पण काठावर मी पुन्हा ते शब्द ऐकले. वरच्यांनी हात आखडला. आपलं आपणच पिकवू. आणि आज सकाळी चार माणसांनी एक रुंद पाइप आणून माझ्या शेजारी टाकला. मी त्याच्या काळ्या तोंडाकडे बघतेय आणि माझ्या वाळलेल्या फळ्या पुन्हा शहारल्यात.

मित्रांनो, तुम्ही ताटात भात घ्याल तेव्हा तो टाकू नका, कारण त्याच्या मागे केवढी नदी आहे ते मी तुम्हाला सांगितलं. पण तेवढ्याने भागणार नाही. त्या माणसांना जाऊन विचारा, ट्रक का कमी आले. पुलापलीकडे विचारा, तुमच्या कोठीत किती आहे. नदीत पाणी किती आहे तेही विचारा, आणि कोणी गप्प बसलं तर पुन्हा विचारा. मला तोंड नाही, तुम्हाला आहे.

आणि उद्यावर टाकू नका. आत्ता जा. पाइप अजून जोडलेला नाही.